जनगणना जुनी झाली असेल तर उपग्रह प्रतिमांवरून शहराची लोकसंख्या काढता येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: शेवटची जनगणना होऊन बरीच वर्षं उलटली असतील, तर उपग्रह प्रतिमा आणि जीआयएस (नकाशे आणि जागेशी जोडलेली माहिती हाताळणारी संगणक प्रणाली) वापरून शहराची आजची लोकसंख्या काढता येईल का, त्यासाठी कोणता डेटा घ्यावा आणि आलेल्या आकड्यावर कितपत विसंबावं?

काढता येते. मी याच प्रकारचं काम करतो. पण सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. उपग्रहाला छपरं दिसतात, माणसं दिसत नाहीत. एका छपराखाली किती जण राहतात हा आकडा जमिनीवर जाऊनच आणावा लागतो, आणि अंदाज चुकतो तो बहुतेक वेळा तिथेच.

हे हिशेबातून चटकन कळेल. समजा, एका प्रभागात प्रतिमेवरून १०,००० इमारतींच्या बाह्यरेखा मिळाल्या. त्यांतल्या १५ टक्के दुकानं, गोदामं, शाळा वगैरे म्हणून वगळल्या, तर ८,५०० राहिल्या. प्रत्येक इमारतीत सरासरी १.८ घरं, त्यांतली ८ टक्के बंद, आणि राहत्या घरात सरासरी ४.२ माणसं धरली, तर उत्तर येतं सुमारे ५९,०००. आता इमारती ओळखण्यात ३ टक्के चूक झाली असं समजा. उत्तर हलतं जेमतेम १,८०० ने. पण इमारतीमागे १.८ ऐवजी २.१ घरं असतील, तर तोच प्रभाग ६९,००० वर जातो. बहुतेक विद्यार्थी आपला सगळा वेळ इमारती ओळखणारं मॉडेल ९२ टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर नेण्यात घालवतात, आणि घरटी माणसांचा आकडा कुठल्या तरी जुन्या तक्त्यातून उचलतात. माझ्या मते हा वेळ नेमका उलटा वाटायला हवा.

बांधलेल्या क्षेत्रावरून लोकसंख्या काढण्याची कल्पना जुनीच आहे. वाल्डो टोब्लर या भूगोलतज्ज्ञाने १९६९ मध्येच अमेरिकेच्या जेमिनी अंतराळयानांतून घेतलेल्या छायाचित्रांवर वस्त्यांचा विस्तार मोजून तो लोकसंख्येशी ताडून पाहिला होता. शहराचा विस्तार लोकसंख्येच्या एका ठरावीक घाताच्या प्रमाणात वाढतो (पॉवर लॉ) असा संबंध आढळतो, आणि अनेक शहरांची आपसांत तुलना करायला तो आजही उपयोगी आहे. एकाच शहराचा आजचा आकडा काढायला मात्र तो फार ढोबळ पडतो. एक शहर उंच वाढतं, दुसरं आडवं पसरतं. दोघांचं क्षेत्रफळ सारखं भरलं तरी माणसं दुपटीने वेगळी असू शकतात.

आता डेटाबद्दल. इथे एक मोठा सापळा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. नेटवर लोकसंख्येचे तयार ग्रिड, म्हणजे प्रत्येक चौकटीत किती माणसं हे सांगणारे नकाशे, फुकट मिळतात. साउदॅम्प्टन विद्यापीठाचा वर्ल्डपॉप १०० मीटरच्या चौकटींत मिळतो. युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राचा जीएचएस-पॉप आहे, त्यात १९७५ पासून दर पाच वर्षांचे थर आहेत. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेचा लँडस्कॅन सुमारे १ किलोमीटरचा आहे. अनेकजण यांतला एखादा उतरवतात, शहराच्या हद्दीने कापतात, बेरीज करतात आणि खाली लिहितात, ‘उपग्रह प्रतिमांवर आधारित अंदाज’. तसं ते नसतं. हे ग्रिड प्रामुख्याने वरून खाली वाटणी करून बनतात: तालुका, जिल्हा किंवा प्रभाग यांचा जनगणनेतला आकडा, किंवा त्यावरून पुढे ताणलेला अंदाज घ्यायचा आणि प्रतिमांच्या मदतीने तो त्या हद्दीतल्या चौकटींत पसरायचा. भूगोलतज्ज्ञ जॉन राइट यांनी १९३६ मध्ये अमेरिकेतल्या केप कॉडच्या नकाशासाठी निर्जन भाग वगळून लोकसंख्या उरलेल्या भागात वाटली, त्याच विचाराची ही आजची रूपं आहेत. फरक इतकाच की कुठल्या चौकटीला किती वाटा द्यायचा हे आता वर्ल्डपॉपमध्ये रँडम फॉरेस्टसारखं (अनेक निर्णयवृक्षांचा कौल घेणारं) मॉडेल ठरवतं, आणि जीएचएस-पॉपमध्ये बांधकामाचं आकारमान.

म्हणजे मूळ जनगणना जुनी असेल, तर तो जुनाच आकडा तुम्हाला सुबक चौकटींत परत मिळतो. शहराच्या आत माणसं कुठे दाट आणि कुठे विरळ आहेत हे पाहायला हे ग्रिड उत्तम आहेत. पुरात कोणते भाग सापडतील, दवाखान्यापासून किती लोक दूर आहेत अशा प्रश्नांसाठी मीही ते वापरतो. पण ‘आज एकूण किती’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नाही. आणि असा ग्रिड ज्या जनगणनेवरून बनला, तिच्याशीच त्याची बेरीज जुळवून ‘अचूकता ९८ टक्के’ असं लिहू नका. ती जुळणारच, कारण ती जुळवूनच घेतलेली असते. ज्या मॉडेलने वाटणी करताना रात्रीचे दिवे वापरले, त्याच ग्रिडवरून दिवे आणि लोकसंख्या यांचा संबंध सिद्ध करायला जाणं हीही तशीच वर्तुळाकार गोष्ट आहे.

तुम्हाला हवा आहे तो खालून वर जाणारा मार्ग. नायजेरियात शेवटची जनगणना २००६ ची होती, काँगो लोकशाही प्रजासत्ताकात तर १९८४ ची. अशा देशांत संशोधकांनी निवडक छोट्या तुकड्यांत घरोघरी मोजणी केली, तिथल्या इमारतींशी त्या मोजणीचं नातं बसवलं आणि बेझियन पद्धतीने (अनिश्चितता संभाव्यतेत मोजणाऱ्या सांख्यिकी पद्धतीने) उरलेल्या प्रदेशाचा अंदाज काढला. या पद्धतीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे प्रत्येक चौकटीला एकच आकडा न मिळता एक पल्ला मिळतो: इतक्यापासून इतक्यापर्यंत.

शहरासाठी हे लहान प्रमाणात एकट्यादुकट्यालाही जमतं. इमारतींच्या बाह्यरेखांसाठी गुगलचा ओपन बिल्डिंग्ज पाहा. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत आफ्रिका, दक्षिण आणि आग्नेय आशिया, लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन मिळून १८० कोटी इमारती आहेत. प्रत्येक बाह्यरेखेला विश्वासांक असतो, म्हणजे ती खरोखर इमारत असल्याची मॉडेलला किती खात्री आहे तो आकडा. तो किती धरायचा हे आपल्या शहराचा एखादा तुकडा डोळ्यांनी तपासून ठरवा. त्याच मालिकेतल्या कालानुक्रमिक संचात २०१६ ते २०२३ चे वार्षिक थर आणि इमारतींच्या उंचीचा अंदाजही आहे. तो सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या १० मीटर प्रतिमांवरून (प्रतिमेतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर) काढलेला असल्यामुळे एकेका इमारतीसाठी त्यावर फार भिस्त ठेवू नका, गल्ली किंवा मोहल्ल्याच्या पातळीवर वापरा.

मग शहराचे गट पाडा. एकमजली दाट वस्ती, सुटी घरं, तीन-चार मजली इमारती, उंच संकुलं, मिश्र बाजारपेठ असे. छपराचा आकार, छपरांमधलं अंतर, रस्त्यांची ठेवण आणि उंची यांवरून हे गट जीआयएसमध्ये बऱ्यापैकी वेगळे काढता येतात. प्रत्येक गटातून छोटे तुकडे यादृच्छिक पद्धतीने निवडा आणि तिथे जाऊन मजले, घरं, बंद घरं आणि माणसं मोजा. निवड सॉफ्टवेअरला करू द्या. आपण स्वतः निवडायला गेलो की नकळत मोठ्या रस्त्यालगतचे, जायला सोपे तुकडे घेतो, आणि नेमक्या तिथेच दुकानं जास्त आणि राहणारे कमी असतात. काही तुकडे मॉडेलपासून पूर्ण लपवून ठेवा. खरी अचूकता त्यांच्यावरच कळेल.

मजल्यांसाठी एक जुना उपाय अजून कामाला येतो: सावली. प्रतिमेच्या माहितीत त्या क्षणी सूर्य क्षितिजापासून किती अंशांवर होता ते दिलेलं असतं. सावलीच्या लांबीला त्या कोनाच्या टॅनने गुणलं की उंची मिळते. सूर्य ४५ अंशांवर आणि सावली १२ मीटर असेल तर इमारत १२ मीटर, म्हणजे साधारण चार मजली. मात्र जमीन सपाट हवी, सावली शेजारच्या भिंतीवर चढलेली नको, आणि उपग्रहाने तिरकं पाहिलेलं असेल तर इमारतीनेच सावलीचा काही भाग झाकला आहे का हे बघायला हवं.

झोपडपट्ट्यांबद्दल वेगळं लिहिलंच पाहिजे, कारण तिथला आकडा चुकला की पाण्याचे नळ आणि लसीच्या मात्राही चुकतात. छपरं एकमेकांना इतकी भिडलेली असतात की १० मीटरच्या प्रतिमेत सगळी वस्ती एकच राखाडी डाग दिसते. अर्ध्या मीटरच्या प्रतिमेतही एका पत्र्याखाली एक खोली आहे की चार, हे कळत नाही. त्यामुळे इथे छपरं मोजण्यापेक्षा व्यापलेलं क्षेत्र मोजून त्याला पाहणीतून आलेल्या घनतेने गुणणं मला जास्त भरवशाचं वाटतं. क्षेत्रफळ फुगवलेले आकडेही उघडे पाडतं. नैरोबीतल्या किबेरामध्ये दहा लाख लोक राहतात असं वर्षानुवर्षं लिहिलं गेलं. केनियाच्या २००९ च्या जनगणनेत तिथे सुमारे १ लाख ७० हजार लोक नोंदले गेले. या वस्तीचं क्षेत्र सुमारे अडीच चौरस किलोमीटर आहे. दहा लाख खरे धरले, तर वाटा, गटारं, मोकळी जागा सगळं धरून माणशी अडीच चौरस मीटर जमीन येते, आणि तीही बहुतांशी एकमजली घरांच्या वस्तीत. जनगणनेतही माणसं सुटली असतील, पण दहा लाख हा आकडा त्या जमिनीवर मावतच नाही.

रात्रीच्या दिव्यांचा मोह आवरा. डीएमएसपी या अमेरिकी हवामान उपग्रहांचा १९९२ ते २०१३ चा संच शहराच्या मध्यभागी संपृक्त होतो, तिथे दाट आणि अतिदाट असा फरकच उरत नाही. नंतरचा व्हीआयआयआरएस हा उपग्रहावरचा संवेदक खूप चांगला आहे, पण त्याला ५०० नॅनोमीटरखालचा निळा प्रकाश दिसत नाही. म्हणून रस्त्यावरचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले की लोकसंख्या तीच असून शहर मंद झाल्यासारखं दिसू शकतं. शिवाय उजेडावरून वीज आणि पैसा यांचा जेवढा पत्ता लागतो, तेवढा माणसांचा लागत नाही.

जीआयएसमध्ये दोन गोष्टींकडे न चुकता लक्ष द्या. क्षेत्रफळ वेब मर्केटर प्रक्षेपणात (नेटवरचे बहुतेक नकाशे ज्यात असतात त्यात) मोजू नका. २० अंश अक्षांशावर ते सुमारे १३ टक्के जास्त भरतं, ६० अंशांवर चौपट. यूटीएम किंवा समक्षेत्र प्रक्षेपण घ्या. दुसरं, लोकसंख्येचा ग्रिड एका प्रक्षेपणातून दुसऱ्यात नेताना नेहमीचं बायलिनियर रीसॅम्पलिंग (शेजारच्या चौकटींची सरासरी घेऊन नवी चौकट भरणं) वापरलं तर एकूण बेरीज बदलते, कारण चौकटीत माणसांची संख्या असते, घनता नसते. आधी घनता करून घ्या, मग बदला, मग पुन्हा संख्या काढा, आणि आधीची व नंतरची बेरीज ताडून पाहा.

‘शहर’ म्हणजे काय आणि ‘लोकसंख्या’ कोणत्या वेळेची हेही आधी लिहून ठेवा. लँडस्कॅनचा जागतिक ग्रिड चोवीस तासांची सरासरी उपस्थिती दाखवतो, तर जनगणना राहण्याच्या जागेवर मोजते. त्यामुळे कार्यालयांच्या भागात दोन्हींत मोठी तफावत दिसेल, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतील. हद्दीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०२० मध्ये मान्य केलेली व्याख्या सोयीची आहे: एकमेकांना लागून असलेल्या १ चौरस किलोमीटरच्या चौकटी, प्रत्येकीत किमान १,५०० माणसं, आणि सगळ्यांची मिळून किमान ५०,००० असली की ते नागरी केंद्र. प्रशासकीय हद्दीचा आकडा हवा असेल तर तो वेगळा काढा, दोन्ही एकत्र करू नका.

आता भरवशाचं. नमुना पाहणी नीट झाली असेल तर संपूर्ण शहराच्या आकड्यावर मी बऱ्यापैकी विसंबतो, कारण कुठे जास्त तर कुठे कमी धरलेलं बेरजेत बरंचसं फिटतं. गल्लीच्या किंवा एकेका चौकटीच्या आकड्यावर तेवढा विसंबत नाही. पाहणीचे तुकडे पुनःपुन्हा उचलून, म्हणजे बूटस्ट्रॅप करून, पल्ला काढा आणि तो मुख्य आकड्याच्या शेजारीच छापा. प्रतिमेची तारीखही द्या, कारण तुमचा अंदाज त्या तारखेचा असतो. वीजजोडण्या किंवा नळजोडण्यांची संख्या मिळाली तर ताडून पाहायला घ्या, पण मॉडेलमध्ये घालू नका, म्हणजे ती स्वतंत्र साक्ष राहील. आणि अनधिकृत वस्त्यांचे चौकटीनिहाय आकडे उघडपणे टाकण्याआधी ते कोणाच्या हाती पडतील याचा विचार करा. नळ पोहोचवायला जो नकाशा लागतो, तोच वस्ती उठवायलाही वापरता येतो. मी असे आकडे वॉर्डाच्या पातळीवर एकत्र करूनच देतो.

तुमच्याकडे कोणत्या तारखेची आणि किती मीटरची प्रतिमा आहे, आणि प्रत्यक्ष पाहणी किती ठिकाणी शक्य आहे, हे कळवलंत तर गट कसे पाडावेत आणि कुठल्या गटात जास्त तुकडे घ्यावेत यावर नेमकं लिहीन.