लोहचुंबकीय म्हणजे लोखंडाचं नव्हे

प्रश्न असा आहे: 'लोहाधारित अतिवाहकांना सुटसुटीतपणे लोहचुंबकीय अतिवाहक म्हटलं तर चालेल का? आणि शब्द अतिवाहक की अतिसंवाहक?'

अतिवाहक म्हणजे पुरेसा थंड केल्यावर वीज अजिबात न अडवता वाहू देणारा पदार्थ. दुसऱ्याचं उत्तर आधी. दोन्ही रूढ आहेत. एक धरा आणि लेखभर तोच ठेवा.

पहिलं मात्र अजिबात चालणार नाही. लोखंड दिसलं, चुंबकत्व दिसलं, की दोन्ही चिकटवून 'लोहचुंबकीय' लिहून मोकळं व्हायचं, हे वाचून वाचून मी कंटाळलो आहे. समास सोडवून तरी बघा! लोहाचं चुंबन घेणारा तो लोहचुंबक. शब्दातलं लोह हे ओढलं जाणारं आहे. ओढणारा कशाचा बनलाय, याबद्दल शब्द काहीच बोलत नाही. समेरियम-कोबाल्टचा चुंबकही लोहचुंबकच. 'नुसतं चुंबक म्हणा, लोह कशाला?' असं बजावणाऱ्या शुद्धिवाद्यांना विचारावंसं वाटतं, मग चुंबन कोणाचं?

आता बेरियम, लोह आणि आर्सेनिकचा स्फटिक घ्या. सुमारे १४० केल्व्हिनच्या (उणे १३३ अंश सेल्सिअसच्या) खाली त्यातला प्रत्येक लोहअणू बारीकशा चुंबकसुईसारखा वागतो. एका दिशेनं पाहिलं तर शेजारच्या सुयांची तोंडं एकीकडे, तिला काटकोनात पाहिलं तर आलटूनपालटून उलट. बेरीज शून्य, टाचणीसुद्धा उचलली जाणार नाही. हे प्रतिलोहचुंबकत्व; सगळ्या सुयांची तोंडं एकीकडे असती, तर ते लोहचुंबकत्व झालं असतं. बेरियमच्या काही जागी पोटॅशियम घातलं की ही शिस्त ढिली पडते आणि ३८ केल्व्हिनपर्यंत अतिवाहकता मिळते. म्हणून चुंबकत्व आणि अतिवाहकता यांचं 'हाडवैर' आहे असं लिहितात, तेही चूक. काही मिश्रणांत दोन्ही एकत्र नांदतात, तेच इलेक्ट्रॉन वाटून घेतात, आणि अतिवाहकता आली की चुंबकत्व थोडं घटतं. एकाच मिळकतीवरून चाललेल्या या झगड्याला मराठीत नेमका शब्द आहे: भाऊबंदकी.

युरोपियम, लोह आणि आर्सेनिकच्या स्फटिकात आर्सेनिकच्या काही जागी फॉस्फरस घातला, तर अतिवाहकता आणि खरंखुरं लोहचुंबकत्व एकाच स्फटिकात सापडतं. पण ते लोहचुंबकत्व असतं युरोपियमचं, लोखंडाचं नव्हे!

आता मला खरं सांगायचंय ते. 'लोह' मुळात लोखंड नव्हतंच. लोह म्हणजे तांबडा धातू, तांबं. लोहित म्हणजे लाल. 'लोह म्हणजे मुळात कोणताही धातू' असं सांगून थांबणारे कोशकार मला पटत नाहीत. तो अर्थ नंतर पसरलेला. यजुर्वेदातलं चमक हे सूक्त आठवा: 'श्यामं च मे लोहं च मे'. काळा धातू आणि तांबडा धातू, दोन वेगळ्या मागण्या. लोह म्हणजे कोणताही धातू असता, तर श्यामच्या शेजारी तो निराळा कशाला मागितला असता? पुढे हे नाव तांब्यावरून काळ्या धातूवर सरकलं आणि तिथेच स्थिरावलं; आपलं 'लोखंड' आलं ते त्याच 'लोहखंडा'तून.

आणि अतिवाहकतेनंही हीच वाट धरली. १९८६ मध्ये बेडनॉर्झ आणि म्युलर या भौतिकशास्त्रज्ञांना तुलनेनं उच्च तापमानाची अतिवाहकता सापडली ती तांब्याच्या ऑक्साइडात. २००८ मध्ये टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या हिदेओ होसोनो यांच्या गटाला २६ केल्व्हिनला ती मिळाली लोखंडाच्या संयुगात. आधी तांबं, मग लोखंड, अगदी 'लोह' शब्दासारखी.