विकतचं खाद्य बंद केलं तर खरंच पैसे वाचतील?

नमस्कार. तुमच्याकडे अंड्यांवरच्या बारा कोंबड्या आहेत. खाद्याचं पोतं परवडेनासं झालंय, म्हणून ते पूर्ण बंद करून स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं, मोडाचं धान्य आणि अळ्या यांवर भागवायचं तुमच्या मनात आहे. त्यासाठी मोड आणायचं यंत्र आणि भरड काढायची चक्की घ्यायची आहे, तीही अडीनडीसाठी ठेवलेल्या पैशांतून.

त्या पैशांना हात लावू नका. आधी हिशोब पाहू.

अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम खाते. बारा जणींचे महिन्याला चाळीस-बेचाळीस किलो झाले. तुम्ही पोत्याची किंमत बघताय. बघायला हवा तो एका अंड्यामागचा खर्च. लेअर खाद्यात, म्हणजे अंड्यांवरच्या कोंबड्यांसाठीच्या विकतच्या खाद्यात, १६ ते १८ टक्के प्रथिनं आणि साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. त्यातलं एक तृतीयांश काढून नुसता मका घातला, तर प्रथिनं १४ टक्क्यांच्या आसपास येतात आणि कॅल्शियमही एक तृतीयांश घटतं. एका कवचातच सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. ते खाण्यातून आलं नाही, तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. मग कवचं पातळ होतात, अंडी कमी होतात. खाद्यावर वीस टक्के वाचले आणि अंडीही वीस टक्के घटली, तर हाती काहीच लागलं नाही, वर कोंबडीची तब्येत गेली.

मोड आणायच्या यंत्राबद्दल माझं मत ठाम आहे: नको. एक किलो धान्याचा पाच-सहा किलो हिरवा चारा होतो हे खरं, पण वाढलेलं वजन पाण्याचं असतं. मोड येताना धान्यातला थोडा कोरडा अंश उलट खर्चीच पडतो. कोंबड्यांना हिरवं आवडतं, त्यांना ते मिळावंही. त्यासाठी तण, भाजीचा पाला आणि मोकळं चरणं आहेच.

अळ्यांचा विचार मात्र मला मनापासून आवडला. ब्लॅक सोल्जर माशीच्या वाळलेल्या अळीत ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात आणि ती भाजीपाल्याच्या कचऱ्यावर वाढते. महाग असतात ती प्रथिनंच, त्यामुळे खरी बचत इथे आहे. झाकणाच्या जुन्या डब्यात सुरुवात करा. अळ्या थंडीत मंदावतात, म्हणून वर्षभर त्यांच्यावर विसंबू नका.

उरलंसुरलं एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांपर्यंतच ठेवा. बुरशी आलेलं काहीही घालू नका, कितीही फुकट असलं तरी. त्यातलं अफलाटॉक्सिन हे बुरशीचं विष यकृत खराब करतं. खारट पदार्थ आणि कच्च्या कडधान्याचे दाणेही नकोत. कच्च्या सोयाबीनमधले घटक प्रथिनं पचू देत नाहीत, ते भाजूनच द्यावं लागतं.

सर्वांत स्वस्त बचत बहुतेकांच्या खुराड्यातच सांडलेली असते. खाद्याचं भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर टांगा, अर्धंच भरा, रात्री उचलून ठेवा म्हणजे उंदीर पोसले जाणार नाहीत. तळाशी उरणारा भुगा पाण्यात कालवून द्या. कॅल्शियमसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा.

दोन महिने रोज अंडी आणि आणलेलं खाद्य वहीत लिहा. म्हाताऱ्या झालेल्या कोंबड्या किती, तेही लिहा, कारण पहिल्या वर्षानंतर अंडी दरवर्षी घटतात आणि खाणं तेवढंच राहतं. चक्कीचा विचार त्यानंतर करू. धान्य घाऊक भावात मिळणार असेल आणि प्रथिनांची सोय लागली असेल, तरच ती परवडेल, आणि तीही महिन्याच्या शिलकीतून.