कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाच्या कुंपणाशी उभ्या असलेल्या भावासाठी

भावा, वायुदलात पायलट व्हायचंय म्हणून बारावीआधीच खासगी पायलट लायसन्स काढावं का, असं विचारलंस. घरची शेती गहाण टाकून तर अजिबात नको. वायुदल तुला पहिल्यापासून त्यांच्याच पद्धतीनं उडवायला शिकवतं, आणि एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, निवडीत या लायसन्सचे जादा गुण मिळत नाहीत.

आधी मेडिकलचं बघ. उंची किमान १६२.५ सेंमी लागते, पायाची लांबी ९९ ते १२० सेंमी, मांडीची लांबी ६४ सेंमीच्या आत. रंग ओळखण्यात दोष असेल तर पायलटची वाट तिथंच बंद होते. हे मी कळकळीनं सांगतोय. लाखो रुपये भरून झाल्यावर हे कळलेली पोरं मी पाहिलीत. एक दिवस डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जा, एवढंच.

पैशाची सोय असेल तर १६ व्या वर्षी विद्यार्थी परवाना मिळतो, लायसन्स १७ व्या वर्षी, किमान ४० तास उड्डाण करून. उंचावर मळमळतं का, रेडिओवर बोलताना हात स्थिर राहतो का, हे त्या उड्डाणांत समजतं. पण वायुदलाची पायलट निवडीची सीपीएसएस ही संगणकावरची चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. तिच्यासाठी झोप पूर्ण घेऊन जा.