एजंटाने भरलेल्या अर्जावर 'ओ' आहे की 'ओ-ए'?

परभणीच्या एका निवृत्त शाखा अभियंत्यांचं पत्र आहे. वय ६७, मधुमेह, एक अँजिओप्लास्टी. थायलंडला राहायला जायचं ठरलंय, पण व्हिसासाठी लागणाऱ्या आरोग्य विम्याचा हप्ता ऐकून घाम फुटला. "विमा न मागणारा देश सांगा." नांदेड-लातूरकडूनही अशीच पत्रं येतात.

साहेब, देश बदलायची गरज नाही. एजंटाने भरलेला अर्ज काढून बघा. त्यावर 'नॉन-इमिग्रंट ओ-ए' हा व्हिसाचा प्रकार असेल तर विमा चुकत नाही: किमान ३० लाख बाटचं (बाट म्हणजे थाई चलन) कवच, तिथे मुदतवाढ घेतानाही पुन्हा. एजंट हाच व्हिसा गळ्यात मारतात, कारण त्यात पैसे इथल्या बँकेत दाखवून भागतं. नुसत्या 'नॉन-इमिग्रंट ओ' व्हिसावर राहिलात, तर निवृत्तीच्या कारणावरच्या एक वर्षाच्या मुदतवाढीला विमा मागत नाहीत. मात्र ८ लाख बाट थाई बँकेत, तुमच्या नावावर हवेत. दरमहा ६५ हजार बाट उत्पन्नाचाही पर्याय आहे. तुमच्या पेन्शनमध्ये तो बसत नाही.

खरी मेख पुढेच आहे. ही रक्कम मुदतवाढीच्या अर्जाआधी दोन महिने खात्यात पडून असावी लागते, आणि 'ओ' मिळतो ९० दिवसांचा. म्हणजे उतरल्यावर पहिल्या महिन्यातच पैसे जमा. तुमचे पैसे कुठे आहेत? शेताच्या सौद्यात! इसारपावती झाली, बाकी खरेदीखताच्या वेळी. शिवाय त्या गटावर भावाने वाटणीचा दावा लावलाय, हे तुम्ही पत्राच्या शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिता. अहो, हीच तर पहिली ओळ हवी होती. महाराष्ट्रात दाव्याची नोटीस नोंदणी कार्यालयात नोंदवलेली असेल, तर दावा चालू असताना घेतलेल्या जमिनीला मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम ५२ लागतं, घेणारा निकालाला बांधील राहतो. त्याला हे कळलं की बाकी रक्कम तो अडवणारच. आपल्याकडचे वाटणीचे दावे कसे चालतात ते तुम्हाला मी काय सांगू? भावाशी तडजोड करून कोर्टात तडजोड हुकूमनामा घ्या. पैसे खात्यात आल्याशिवाय तिकीट काढू नका.

रक्कम पाठवताना आर्थिक वर्षात १० लाखांच्या वरच्या भागावर बँक २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ वसूल होणारा आयकर) कापेल. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तेवढे पैसे आधी हाताशी हवेत.

इथला मेडिक्लेम तुम्ही "हप्ता वाढला" म्हणून सोडून दिलात. मुदतीनंतरच्या ३० दिवसांच्या सवलतीत भरला असतात तर जुन्या आजारांना कवच मिळण्याची प्रतीक्षा नव्याने लागली नसती. आता ती ३६ महिन्यांपर्यंत असू शकते. तरी परतीची वाट म्हणून नवी पॉलिसी घ्या, हे माझं मत.

थाई नियम बदलत असतात, तेव्हा अर्जाआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करा. एक मात्र पक्कं धरा: मुदतवाढ मिळाल्यावर तीन महिने ८ लाखांना हात लावायचा नाही, नंतरही ४ लाखांच्या खाली जायचं नाही. दवाखान्याचं बिल त्यातून भरलंत तर पुढची मुदतवाढ गेली. उपचाराचे पैसे वेगळे काढा. किती, ते तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा, एजंटाला नको.