फॉर्म भरता येतो, मग बनवता का येत नाही?

या वेळी आलेल्या पत्रांमधली तीन एकाच विषयावरची निघाली, अंध माणसं आणि ऑनलाइन सर्व्हेचे फॉर्म, म्हणून बाकीची पुढच्या अंकाला ठेवून हीच घेतेय.

प्रश्न: नमस्कार ताई, मी सांगलीत एका संस्थेत काम करतो. जन्मापासून दिसत नाही, कॉम्प्युटरवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, वापरतो. लोकांनी पाठवलेले फॉर्म भरायला मला कधी फारसा त्रास झाला नाही. पण यंदा संस्थेने सर्व्हेसाठी पैसे भरून एक टूल घेतलं आणि गावातल्या पाण्याच्या पाहणीचा फॉर्म बनवायचं काम माझ्याकडे आलं. त्यात म्हणे प्रश्नाचा प्रकार डावीकडून उचलायचा आणि उजवीकडे नेऊन सोडायचा. मला नुसतं "बटन, बटन, बटन" ऐकू येतं. शेवटी मी प्रश्न बोलतो आणि शेजारचा सहकारी माऊसने टाकतो, त्याचंही काम अडतं. मीच शिकायला कमी पडतोय की टूलच तसं आहे? – एक वाचक, सांगली

उत्तर: टूलच तसं आहे हो. फॉर्म "भरणारा" अंध असू शकतो हे आता कंपन्यांना निदान ऐकून तरी माहीत झालंय, पण फॉर्म "बनवणारा", म्हणजे प्रश्न विचारणारा माणूसही अंध असेल हे अजून कोणाच्या डोक्यातच येत नाही, त्यामुळे भरायची बाजू बरी करून ठेवतात आणि बनवायची बाजू सगळी माऊसवर.

मीही यातून गेलेय. एका टूलमध्ये कीबोर्डने प्रश्न वर सरकवत होते, स्क्रीन रीडर काही बोलेना, म्हणून तीच की परत परत दाबत बसले. प्रत्यक्षात दर वेळी प्रश्न सरकत होता! फॉर्म गेला तेव्हा त्यातला पहिला प्रश्न होता "आणखी काही सूचना असल्यास सांगा". लोकांनी सूचना केल्याही.

आधी एक छोटी गोष्ट करून बघा. इन्सर्ट आणि स्पेस दाबून ब्राउज मोड (पान वाचायचा) आणि फोकस मोड (टाइप करायचा) बदलून पाहा, आणि इन्सर्ट एफ7 दाबून बटनांची यादी काढा. त्या यादीतही नावं नसतील तर बनवणाऱ्याने बटनांना लेबलच दिलेलं नाही, मग तिथे तुमची हुशारी चालणार नाही, वेळ घालवू नका. गूगल फॉर्म्स चालणार असेल तर त्यात कंट्रोल आणि स्लॅश दाबलं की सगळ्या शॉर्टकटची यादी उघडते, छोट्या फॉर्मला तेवढं पुरतं.

पण पाण्याची पाहणी म्हणजे गावात फिरून करायचं काम, त्याला मी वेगळाच रस्ता सांगेन. फॉर्म एक्सेलमध्ये बनवा. एक्सएलएसफॉर्म नावाची पद्धत आहे, कोबोटूलबॉक्स आणि ओडीके या सर्व्हे गोळा करायच्या दोन्ही टूलमध्ये चालते. एका शीटचं नाव सर्व्हे, दुसरीचं चॉइसेस. सर्व्हेमध्ये टाइप, नेम, लेबल असे कॉलम आणि एका ओळीत एक प्रश्न, म्हणजे प्रश्न वरखाली करायचा तर ओळ कट करून दुसरीकडे घालायची, जे तुम्ही हिशोबाच्या फाइलमध्ये रोजच करत असाल. "घरात नळ आहे का" याच्या टाइपमध्ये लिहायचं सिलेक्ट अंडरस्कोर वन, एक स्पेस, आणि पर्यायांच्या यादीचं नाव. ती यादी चॉइसेसच्या शीटवर, तिथे हो आणि नाही. "पाणी किती वेळ येतं" हा प्रश्न फक्त नळ असलेल्यांनाच विचारायचा, तर रेलेव्हंट नावाच्या कॉलममध्ये डॉलरचं चिन्ह, महिरपी कंसात पहिल्या प्रश्नाचं नेम, बरोबरचं चिन्ह आणि एकेरी अवतरणात हो या पर्यायाचं नेम. झालं. नेममध्ये स्पेस चालत नाही आणि शीटची, कॉलमची नावं इंग्रजीत, लहान लिपीत लागतात, पहिल्यांदा सगळे इथेच अडकतात. लेबल मात्र खुशाल मराठीत लिहा. फाइल अपलोड केली आणि काही चुकलं असलं तर बहुतेक वेळा एरर मेसेजमध्ये ओळीचा नंबरसुद्धा मिळतो, तोही वाचता येईल अशा मजकुरात.

संस्थेशी मात्र बोला. अपंग व्यक्ती हक्क कायदा 2016 पासून आहे, आणि एप्रिल 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलंय. पुढच्या वेळी टूल घेताना कंपनीला लेखी विचारा की ॲक्सेसिबिलिटीचा, म्हणजे अपंगांना वापरता येण्याचा, रिपोर्ट फॉर्म भरायच्या पानाचा आहे की बनवायच्या पानाचा. बहुतेक वेळा भरायच्या पानाचाच दाखवतात आणि घेणाऱ्याला वाटतं सगळंच झालं.

प्रश्न: आमची पुण्यात छोटी कंपनी आहे, आम्ही सर्व्हेचं टूल बनवतो. एका ग्राहकाने स्क्रीन रीडरची तक्रार केली. चार जणांची टीम, सगळं एकदम जमणार नाही. सुरुवात कुठून करावी? – एक डेव्हलपर

उत्तर: माऊस ड्रॉवरमध्ये टाका, एनव्हीडीए उतरवून घ्या (फुकट आहे), स्क्रीन बंद करा आणि पाच प्रश्नांचा फॉर्म बनवायचा प्रयत्न करा. अर्ध्या तासात यादी आपोआप तयार होईल, माझ्या उत्तराची गरज पडणार नाही.

तरी सांगते. सगळ्यात जास्त छळतो तो उडणारा फोकस, म्हणजे कीबोर्ड पानावर ज्या जागी काम करतो ती जागा. "प्रश्न जोडा" दाबलं की नवीन चौकट येते कुठेतरी खाली आणि फोकस जातो पानाच्या डोक्यावर, मग परत चाळीस वेळा टॅब. नवीन प्रश्न आला की फोकस त्याच्याच मजकुराच्या चौकटीत गेला पाहिजे, आणि प्रश्न काढून टाकला की शेजारच्या प्रश्नावर. त्यानंतर ड्रॅग अँड ड्रॉप. ते काढून टाका असं कोणी म्हणत नाहीये, शेजारी "वर" आणि "खाली" अशी दोन साधी बटनं द्या. वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीच्या डब्ल्यूसीएजी 2.2 या नियमावलीत, म्हणजे ऑक्टोबर 2023 पासून, ओढण्याला पर्याय हवा हा नियमच आहे, आणि ज्यांचा हात थरथरतो त्यांनाही ती बटनं लागतात. बटन दाबल्यावर "प्रश्न 4 आता 3 नंबरवर" असं ऐकू आलं पाहिजे, त्यासाठी आरिया लाइव्ह (पानावरचा बदल स्क्रीन रीडरला कळवणारा कोड) आहे, दहा मिनिटांचं काम. (माझ्या त्या सूचनांवाल्या फॉर्मच्या वेळी कोणीतरी ही दहा मिनिटं दिली असती तर.) दहा प्रश्नांना दहा "डिलीट" बटनं असतील तर ऐकणाऱ्याला कळत नाही कोणाचं कोणतं, म्हणून नावातच "प्रश्न 3 डिलीट" असू द्या.

आणि एक काम लोक विसरतात. तुमच्या टूलमधून दुसरे शेकडो फॉर्म निघणार. कोणी फोटो टाकला की वर्णन लिहायची चौकट समोर आणा, कोणी फिकट राखाडी रंग निवडला तर तिथल्या तिथे टोका. एटॅग 2.0 नावाची मार्गदर्शक तत्त्वं वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने 2015 मध्येच काढलीत, पहिला भाग टूल स्वतः वापरता यावं याचा आणि दुसरा त्यातून निघणाऱ्या मालाचा. एवढं नेमकं तुमच्यासाठी लिहून ठेवलंय आणि उघडतं कोण? वरून चिकटवायची ती कोपऱ्यातली ॲक्सेसिबिलिटीची बटनं तेवढी विकत घेऊ नका, फोकस उडायचा तो उडतोच.

प्रश्न: मी कॉलेजात शिकवते. विद्यार्थ्यांच्या सर्व्हेचे प्रश्न डीटीपीवाल्याकडून टाइप करून आणले, फॉर्ममध्ये पेस्ट केले तर अक्षरं भलतीच झाली, म्हणून प्रश्नांचे स्क्रीनशॉट टाकले. दोन अंध विद्यार्थिनी म्हणतात प्रश्न ऐकूच येत नाही. – एक प्राध्यापिका, नांदेड

उत्तर: मॅडम, त्यांना ऐकू येतंय "इमेज" आणि खाली चार पर्याय, म्हणजे प्रश्नपत्रिका नाही आणि नुसती उत्तरं निवडायची. डीटीपीवाल्याचा फॉन्ट जुन्या पद्धतीचा आहे, युनिकोड नाही, त्यात दिसायला "क" असला तरी आत इंग्रजी अक्षर असतं. प्रश्न दहा-पंधरा असतील तर फोनवर मराठी कीबोर्डने किंवा बोलून परत टाइप करा, कन्व्हर्टरच्या नादी लागू नका, तो रफार आणि जोडाक्षरं खातो आणि मग एकेक ओळ तपासत बसावं लागतं. झाल्यावर लिंक आधी त्या दोघींपैकी एकीला पाठवा, तिच्या फोनवर सगळे प्रश्न मराठी आवाजात नीट येतायत का विचारा, कारण काही इंग्रजी आवाजांना देवनागरी येतच नाही आणि ते तेवढा भाग गाळून पुढे जातात. तसं झालं तर तिला टॉकबॅकच्या, म्हणजे अँड्रॉइड फोनमधल्या स्क्रीन रीडरच्या, सेटिंगमधून मराठी आवाज घ्यायला सांगा. तिने हो म्हटलं की मग वर्गाच्या ग्रुपवर टाका.