स्टन गन नेमकी कशी काम करते? समोरच्याला धरून झटका दिला, तर तो आपल्यालाही बसतो का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: सहसा नाही. स्टन गनच्या टोकाला धातूचे दोन खिळे असतात आणि वीज एका खिळ्यातून निघून त्वचेतून दुसऱ्या खिळ्याकडे जाते. वाट तेवढीच, जेमतेम चार-पाच सेंटिमीटरची. म्हणून ती तुमच्यापर्यंत पोहोचत नाही.

आत छोटी बॅटरी, विजेचा दाब (व्होल्टेज) वाढवणारा ट्रान्सफॉर्मर आणि वीज साठवणारा कपॅसिटर असतो. बटण दाबलं की उच्च दाबाचे बारीक झटके सेकंदाला अनेकदा सुटतात, पण सरासरी प्रवाह काही मिलिअँपियरच असतो. या झटक्यांनी मज्जातंतू उत्तेजित होतात, स्नायू आखडतात आणि तीव्र वेदना होते.

खोक्यावरच्या 'पन्नास लाख व्होल्ट'वर मात्र अजिबात भुलू नका. कोरड्या हवेत साधारण ३०,००० व्होल्टला एक सेंटिमीटर ठिणगी उडते. खिळ्यांमधलं अंतर पाहा, आकडा किती फुगवलाय ते लगेच कळेल.

खरी अडचण वेगळीच आहे. खिळे अंगाला टेकवून धरावे लागतात, म्हणजे हल्लेखोर हाताच्या अंतरावर हवा. जाड जॅकेट असेल तर परिणाम कमी होतो. टेझर हे यंत्र वेगळं: तो तारा जोडलेल्या दोन सुया लांबून मारतो. त्या एकमेकींपासून दूर रुतल्या तर मधले सगळे स्नायू जखडतात आणि माणूस कोसळतो. स्टन गनने बहुधा फक्त दुखतं, त्यामुळे हल्लेखोराच्या पकडीतून सुटलात की त्याच क्षणी पळा. आणि घेण्याआधी तुमच्याकडचा कायदा नक्की तपासा, काही देशांत ती जवळ बाळगणंही गुन्हा आहे.