वर्गात कोणती डिजिटल साधनं ठेवायची, कोणती सोडायची?

मॅडम, तुम्ही लिहिलंय की नागपुरात सेमी-इंग्रजी शाळेत आठवी-नववीला गणित-विज्ञान शिकवता, वर्गात ५२ मुलं, एक प्रोजेक्टर, मोबाईल तुमचाच, आणि दर प्रशिक्षणात कुणीतरी नवं ॲप गळ्यात मारतं. यातलं ठेवायचं काय? मीही इथलाच, भूगोल-विज्ञानाचा मास्तर. माझी मतं जरा ठाम आहेत, पटतील तेवढी घ्या.

हजेरी, पोषण आहार, निकाल यांची ॲप आधी बाजूला काढा. ते ऑफिसचं काम आहे, भरावंच लागतं, शिकवण्याशी त्याचा संबंध नाही. उरलेल्या प्रत्येक साधनाला मी एकच प्रश्न लावतो: हे चालू असताना शेवटच्या बाकावरचा पोट्टा काय करत असतो? नुसता पडद्याकडे बघत असेल तर ३५ मिनिटांच्या तासिकेत तेवढा वेळ घालवणं मला परवडत नाही. तो विचार करून काहीतरी ठरवत असेल, आणि खडू-फळ्यावर ते जमलं नसतं, तरच ते साधन माझ्याकडे टिकतं.

तुमच्या परिस्थितीत सगळ्यात आधी घ्यावं असं वाटतं ते प्लिकर्स हे प्रश्नोत्तरांचं ॲप. फोन फक्त तुमच्या हातात. मुलांना प्रत्येकी एक छापील काळं-पांढरं कार्ड, त्याच्या चार कडांना ए, बी, सी, डी. आपल्या उत्तराची कड वर करून कार्ड धरायचं, तुम्ही कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, की कुणी काय ठरवलं ते फोनवर दिसतं. ६३ पर्यंत कार्डं मिळतात, तेव्हा ५२ जण आरामात बसतात. प्रत्येकाची नक्षी वेगळी, म्हणून शेजाऱ्याचं बघून काही हाती लागत नाही. 'हात वर करा' म्हटलं की कुठल्याही वर्गात तेच ते सात-आठ हात वर येतात. इथे गप्प बसणाऱ्या मुलीलाही उत्तर द्यावंच लागतं, आणि चुकलं तरी चारचौघांत शोभा होत नाही.

पण सगळी गंमत प्रश्नात आहे, ॲपमध्ये नाही. आठवीच्या धाराविद्युतच्या धड्यावर 'विद्युतधारेचं एकक कोणतं' असं विचारलंत तर कार्डं छापल्याचे पैसे वाया. त्यापेक्षा दोन सारखे बल्ब एकसर जोडणीत दाखवा आणि विचारा, कोणता जास्त उजळेल? 'सेलच्या धन टोकाजवळचा' हा पर्याय मुद्दाम ठेवा. पुष्कळ मुलं तोच निवडतात, कारण पहिला बल्ब थोडी वीज 'खाऊन टाकतो' असं त्यांना मनापासून वाटत असतं. ते कळलं की पुढची दहा मिनिटं काय शिकवायचं हे आपोआप ठरतं.

दुसरं म्हणजे हे प्रश्न धडा संपल्या संपल्या विचारू नका. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आहे. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्यानंतर ज्यांनी न बघता आठवून लिहिलं होतं त्यांच्याच जास्त लक्षात राहिलं होतं. म्हणून मागच्या आठवड्याच्या धड्यावरचे तीन प्रश्न सोमवारी पहिल्या पाच मिनिटांत घ्यावेत. कहूट या प्रश्नमंजुषेच्या ॲपमध्ये मला दोन गोष्टी खटकतात. एक तर मुलांच्या हातात उपकरणं लागतात, आणि वर झटपट उत्तराला जास्त गुण, त्यामुळे पोट्टे विचार सोडून बटण दाबायला धावतात. गॅदरिंगच्या आधीच्या शनिवारी ठीक आहे.

गणितासाठी जिओजेब्रा, म्हणजे पडद्यावर आकृत्या काढून त्या हलवता येतात ते सॉफ्टवेअर. संगणकावर उतरवून ठेवलं की नेट लागत नाही, म्हणजे ऐन तासाला नेटवर्क गेलं तरी वांधे नाहीत. आठवीला शिरोलंब आणि मध्यगा आहेत ना? मुलांकडून आधी वहीत, कंपास-गुण्यानेच, लघुकोन त्रिकोणाचे तिन्ही शिरोलंब काढून घ्या. मग पडद्यावर एक शिरोबिंदू हळूहळू ओढत न्या आणि थांबून विचारा, हा कोन विशालकोन झाला की तिन्ही शिरोलंब मिळतात तो संपातबिंदू कुठे जाईल? आधी अंदाज वहीत लिहायचा, मग बघायचं. तो बिंदू त्रिकोणाच्या बाहेर निसटतो तेव्हा वर्गात जो गलका होतो तो फळ्यावर तीन आकृत्या काढून होत नाही.

विज्ञानाला कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग; त्यातले बरेच मराठीतही आहेत. वायूच्या कणांची हालचाल प्रयोगशाळेत दाखवता येत नाही, तिथे ते वापराच. सेल, वायर, बल्ब मात्र शाळेत असतील तर आधी खरं मंडल जोडू द्या. वायर सैल राहते, बल्ब पेटत नाही, मुलं वैतागतात, आणि का पेटला नाही हे शोधताना शिकतात. पडद्यावरचा बल्ब फार शहाणा असतो.

माझ्या भूगोलातलं एक उदाहरण देतो, कारण कुठे ॲप हवं आणि कुठे नको हे त्यात नीट दिसतं. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, २१ अंशांच्या जरा वर, म्हणून वर्षातून दोनदा इथे सावली पायाखाली येते: २६ मेच्या आसपास आणि १७ जुलैच्या आसपास. मे महिन्यात शाळेला सुट्टी, जुलैत आभाळ भरलेलं. इथे पडद्यावर आकाश दाखवणाऱ्या स्टेलेरियमला तोड नाही. ठिकाण नागपूर, तारीख २६ मे, वेळ बारा वाजून दहा मिनिटं दिली की सूर्य थेट डोक्यावर. बाराला का नाही, हा प्रश्न मुलंच विचारतात, आणि भारताची प्रमाणवेळ ठरवणाऱ्या ८२.५ अंश रेखावृत्ताचा धडा तिथेच सुरू होतो. पण २२ डिसेंबरला याच वेळी शाळेच्या मैदानात काठी रोवा. सावलीची लांबी जवळजवळ काठीएवढीच भरते. त्या दिवशी प्रोजेक्टर लावणं म्हणजे उन्हाचा अपमान.

बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड आणि दीक्षा या सरकारी ॲपवरचं साहित्य घरी तपासून, डाउनलोड करून आणा. दर्जा एकसारखा नाही. चॅटजीपीटी, जेमिनी घरी प्रश्न काढायला बरे, फक्त उत्तरं स्वतः सोडवून बघा.

कोणतंही ॲप मुलांची नावं, फोन नंबर, फोटो मागत असेल तर सोडून द्या. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरलंय आणि पालकांच्या संमतीचं बंधन घातलंय. कार्डांना हजेरी क्रमांक पुरतो. तसंच एखाद्या साधनात वर्षभराचं साहित्य साठवण्याआधी ते बाहेर काढता येतं का, बघून घ्या. गूगलचा जॅमबोर्ड हा डिजिटल फळा ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झाला, आणि त्यावर पाठ रचून बसलेल्यांची ऐन सत्रात धावपळ झाली.

तुमच्याकडे भिंतीवरचं मोठं डिजिटल पॅनेल घ्यायचं घाटत असेल, तर विक्रेत्याला मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये नाही, तुमच्या वर्गात दुपारी खिडक्या उघड्या ठेवून आणि नेट बंद करून दाखवायला सांगा. बिघडलं तर दुरुस्तीला कोण आणि किती दिवसांत येणार, ते लेखी घ्या.

आणि प्लिकर्सची कार्डं सीताबर्डीत छापून घेतलीत तर जाड, बिनचकाकीच्या कागदावर घ्या. झेरॉक्सवाला लॅमिनेशनचा आग्रह करेल, पण त्यावर ट्यूबलाईट चमकते आणि कॅमेऱ्याला कार्ड वाचता येत नाही.